ब्रॉयलरची रात्र
(भंडारा जिल्ह्यातल्या कुक्कुटपालकांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

राम राम मंडळी. रात्री बारा वाजता आपल्या भागातून गाडीनं जाताना धानाच्या बांध्यांमध्ये लग्नाच्या मांडवासारखं लखलखतं काही दिसलं, की समजायचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, शेड आलं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘लाईट बंद केला तं कोंबडी खाईन कशी डॉक्टर? वजन नाही बसलं तं ग्रोइंग चार्ज कोण देईन?’

ग्रोइंग चार्ज म्हणजे पक्षी वाढवून दिल्याबद्दल कंपनी देते तो मोबदला. तुमची भीती रास्त आहे, पण हिशेब चुकतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात कारेन श्वीन-लार्डनर आणि हँक क्लासेन यांनी रोज १४, १७, २० आणि २३ तास उजेड देऊन ब्रॉयलर वाढवून पाहिले. वजन जास्त भरलं ते २० तासवाल्यांचं, २३ वाल्यांचं नाही. उजेडाचे तास वाढत गेले तशी मरतूक वाढली आणि चालही बिघडली.

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. पक्ष्याची झोप, शरीराचं घड्याळ, रोगप्रतिकारशक्ती यांचा त्याच्याशी संबंध आहे. शिवाय आजचा ब्रॉयलर पहिल्या तीन आठवड्यांत इतक्या झपाट्यानं मांस धरतो की हृदय, फुप्फुसं आणि पायाची हाडं मागे पडतात. रात्र दिली की ही घाई थोडी आवरते, आणि मागे राहिलेलं वजन पक्षी पुढे भरून काढतो. रात्र नाही दिली तर काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. लॉटमधला सगळ्यात तगडा नर सकाळी उताणा, पाय वर. अंगावर जखम नाही. चिरून पाहा, अन्नपिशवी दाण्यानं भरलेली. खाता-खाता गेलेला असतो तो. पोटात पाणी होऊन मरणारेही याच घाईचे बळी.

पिल्लांचं वेगळं. पहिला आठवडा २३ तास उजेड द्या, ३० ते ४० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे त्यांना दाणा-पाणी सापडतं. उरलेला एक तास मात्र रोज अंधार करायचाच. कधी अंधारच न पाहिलेली पिल्लं लाईन गेली की घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आपल्याकडे लाईन कधी जाईल ते सांगायला नको!

सातव्या दिवसानंतर अंधार हळूहळू चार ते सहा तासांवर न्या. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशात सहा तास अंधार आणि त्यातले किमान चार सलग, अशी अट आहे. सलग म्हणजे सलग. मधेच ‘जरा पाहून येतो’ म्हणत बल्ब लावायचा नाही; कंपनीचा सुपरवायझर आला तरी नाही. उजेड करण्याआधी फीडर भरलेले हवेत. नाहीतर उपाशी पक्षी एकदम तुटून पडतात, पाठीवर ओरखडे उठतात आणि त्यातून कातडीखाली पू धरतो.

आता आपला मे महिना. पारा ४५ च्या पुढे. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी फीडर वर उचलायचे हे तुम्ही करताच. मग पक्षी खाणार कधी? रात्रीच. इथंच सगळे गडबडतात आणि रात्रभर दिवे ठेवतात. उघडं शेड आहे, दिवस सव्वातेरा तासांचा, पडदे टाकून दिवसा अंधार केला तर वारा बंद होऊन पक्षी मरतील. म्हणून अंधार रात्रीच्या पहिल्या भागात द्या. नऊला दिवे बंद, पंखे चालू. दोन वाजता दिवे लावा, ताजा दाणा आणि गार पाणी द्या. सकाळी आठपर्यंत पोटभर खाऊ द्या, म्हणजे ऊन चढेपर्यंत पचनाचा बराचसा भर ओसरलेला असतो. दोनला उठायचा कंटाळा असेल तर दिव्यांना टायमर लावा, पण दाण्या-पाण्याला कुणीतरी हवंच. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा, तेव्हा एवढी कसरत नाही.

मोठ्या पक्ष्यांना रात्री दिवे लावाल तेव्हा ५ ते १० लक्स पुरतात. मोबाईलमधलं लक्स मोजायचं अ‍ॅप पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर धरून पाहा. आणि त्याआधी बल्बवरची धूळ न् जाळी पुसा, नाहीतर आकडा खोटा येईल.

लिफ्टिंगच्या, म्हणजे तयार पक्षी पकडून न्यायच्या, रात्री निळा बल्ब लावा. निळ्या उजेडात कोंबडीला कमी दिसतं, ती पळत नाही, आणि पकडताना पंख-पाय मोडत नाहीत. हा, पकडणाऱ्या पोरांनाही त्यात कमी दिसतं, तेव्हा क्रेट आधीच मांडून ठेवा.