पिशवीवरचं नाव आणि आतला धूर

श्रोतेहो, नमस्कार.

टेक्ससमध्ये थंडी सरायला लागली की दुकानांच्या दारातच वीस-वीस पौंडांच्या, म्हणजे साधारण नऊ किलोंच्या, पिशव्यांची थप्पी लागते. पिशव्यांवर झाडांची नावं: हिकरी, मेस्कीट, ओक, सफरचंद, चेरी, मेपल, पिकॅन, आल्डर. पिशवीवर चमचमीत मांसाचं चित्र आणि आत करंगळीहून बारीक अशा, दाबलेल्या भुश्श्याच्या कांड्या. याच त्या पेलेट. आपली मंडळी इथे घर घेतात, मागच्या अंगणात पेलेट ग्रिल, म्हणजे या कांड्या जाळून त्यांच्या आचेवर आणि धुरात अन्न भाजायची शेगडी, येतो, आणि दोन दिवसांत फोन येतो, "ताई, कुठली पिशवी घेऊ?" त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देते, कारण पिशवीवर लिहिलेलं आणि आत भरलेलं यांत बऱ्याचदा फरक असतो, आणि आत भरलेलं व ताटात उतरणारं यांत तर त्याहून जास्त.

पेलेट मुळात स्वयंपाकासाठी निघाल्या नाहीत. १९७० च्या दशकात तेल महागलं, तेव्हा लाकूड गिरण्यांचा वाया जाणारा भुसा दाबून त्यावर घरं ऊबदार ठेवायची, हा विचार अमेरिकेत जोर धरू लागला. ऑरेगन राज्यात माउंट एंजल नावाचं छोटं गाव आहे. तिथे जो ट्रेगर यांच्या कुटुंबाचा घरं तापवायच्या उपकरणांचा धंदा होता. १९८५ च्या सुमारास त्यांनी हेच इंधन वापरून अन्न शिजवायचा ग्रिल बनवला आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि मग काय, जो तो ग्रिल काढायला लागला. ग्रिल वाढले तशा पेलेटही वाढल्या.

कांडी बनते कशी? सुका भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलतात. दाबाने तो तापतो, लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य मऊ पडतं आणि गार होताना तेच भुसा घट्ट धरून ठेवतं. वेगळा गोंद लागत नाही. जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास, ओलावा दहा टक्क्यांहून कमी. आता यातली गोम बघा. ओंडक्यात हिकरी जड असते, आल्डर हलका असतो, दोन्ही जळतात वेगवेगळे. पेलेटमध्ये मात्र सगळ्यांना एकाच घट्टपणापर्यंत दाबलेलं असतं, आणि वजनाला वजन धरलं तर सगळी लाकडं उष्णता जवळपास सारखीच देतात. म्हणजे पेलेट निवडताना प्रश्न उरतो तो फक्त धुराचा.

आणि धूर तुमच्या निवडीपेक्षा तापमानाचं जास्त ऐकतो. ग्रिलच्या पोटात एक लांब स्क्रू असतो. तो हॉपरमधल्या, म्हणजे पेलेट भरून ठेवायच्या पेटीतल्या, कांड्या कर्रकर्र करत छोट्या शेगडीत ढकलतो, पंखा वारा घालतो आणि किती ढकलायच्या ते एक छोटा संगणक ठरवतो. तापमान २२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १०७ सेल्सियसवर ठेवलंत, तर आग मंद राहते, लाकूड थोडं धुमसतं, धूर मिळतो. ४०० च्या वर नेलंत की कांड्या इतक्या स्वच्छ जळतात की धूर जवळजवळ नसतोच. त्यामुळे ४५० अंशांवर पिझ्झा किंवा तंदुरी चिकन करताना हॉपरमध्ये महागडी चेरी ओतणाऱ्यांची मला गंमत वाटते. तिथे साधा ओक घाला, कुणाला पत्ताही लागणार नाही.

धुरातही बरा धूर आणि वाईट धूर असतो. लाकूड तापून लिग्निन तुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं बाहेर पडतात. धुराचा म्हणून जो वास आणि चव आपण ओळखतो ती मुख्यतः त्यांची. लाकडातलंच दुसरं द्रव्य सेल्युलोज आणि त्याच्या भाऊबंदांकडून गोडसर वास आणि तपकिरी रंग येतो. ग्रिल पेटवल्यावर पहिली काही मिनिटं जो दाट पांढरा लोट उठतो तो मात्र अर्धवट जळण्याचा धूर. त्यात अन्न ठेवलंत तर जिभेवर कडवट थर बसतो. तो लोट ओसरून चिमणीतून जेमतेम दिसेल इतका निळसर धूर यायला लागला, की मग झाकण उघडा.

आता पिशवीची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत 'हिकरी' असतं आणि मागे बारीक अक्षरांत 'हिकरी ब्लेंड' असतं. ब्लेंड म्हणजे बहुतेक वेळा ओक किंवा आल्डरचा भुसा मुख्य, आणि नावाचं लाकूड त्यात मिसळलेलं. काही ठिकाणी लाकडाचं सुगंधी तेल लावून काम भागवतात. ही सरसकट लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. भुसा येतो कुठून ते बघा ना. ओकच्या फरश्या होतात, फर्निचर होतं, त्यामुळे त्याचा भुसा ढिगाने मिळतो. सफरचंदाच्या झाडाच्या फळ्या कोण पाडतं? जुनी बाग तोडली तरच ते लाकूड हाती येतं. म्हणून 'शंभर टक्के सफरचंद' असं छापलेली पिशवी महाग असते, आणि 'सफरचंद' एवढंच लिहिलेली स्वस्त. माझी तक्रार एवढीच की प्रमाण छापत नाहीत. मिश्रणच घ्यायचं तर ते आपण घरी करावं, निदान काय किती घातलं ते तरी कळतं.

लाकडांचे स्वभाव त्या त्या गावाच्या खाण्यातून नीट समजतात. मध्य टेक्ससमध्ये, ऑस्टिनजवळच्या लॉकहार्ट या गावी, क्रॉइट्झ मार्केट हे १९०० सालापासूनचं दुकान आहे. त्या साऱ्या पट्ट्यात बीफ भाजायला पोस्ट ओक, ही ओकचीच एक जात. मध्यम, सरळ, कुठेही अंगावर न येणारा धूर. हिकरी त्याहून ठसकेबाज, ती दक्षिणेकडच्या डुकराच्या मांसाची सोबतीण. पिकॅन हे टेक्ससचं राज्यवृक्ष. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ती हिकरीच, फक्त जरा सौम्य. अमेरिकेच्या वायव्येकडे साल्मन मासा आल्डरवर भाजतात, तिथल्या मूळ रहिवाशांची ती फार जुनी रीत. सफरचंद आणि चेरी नरम, गोडसर. चेरीने कोंबडीच्या कातडीवर सुरेख तांबूस रंग चढतो.

मेस्कीटबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त बोलणार. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याकडे तळ्याकाठी, पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ आठवते? मेस्कीट तिचंच भावंड. कच्छपासून तामिळनाडूपर्यंत वेड्या बाभळीचा कोळसा पाडतात आणि तो रसरशीत जळतो. दक्षिण टेक्ससमध्येही मेस्कीटचे आधी निखारे करतात आणि त्यावर पातळ मांस झटपट भाजतात. तेच लाकूड दहा तास धुमसत ठेवलं तर मांस कडू होतं. नुसत्या मेस्कीट पेलेटवर अख्खी रात्र काही ठेवू नका, एवढं माझं ऐका.

आता मिश्रण. चहाचे व्यापारी कडकपणासाठी भुकटी आणि वासासाठी पत्ती मिसळतात, तसं इथे ओक हे अंग आणि बाकीचं लाकूड हा वास. घरी मी दोनच मोठ्या पिशव्या ठेवते, ओक आणि चेरी. हिकरीची छोटी पिशवी जोडीला. मोजायला एक जुना स्टीलचा मग आहे. कोंबडीला तीन मग ओक, एक मग चेरी. डुकराच्या बरगड्यांना दोन मग चेरी किंवा सफरचंद आणि एक हिकरी, कारण त्या चरबीला थोडा ठसका सोसतो. मटणाच्या अख्ख्या मांडीला चार मग ओकमध्ये अर्धा मग मेस्कीट, त्याहून जास्त नाही. साल्मनला नुसता आल्डर, तिथे मिसळामिसळीची गरजच नाही. चार-पाच लाकडं एकत्र करणारेही असतात. करोत बापडे. डोळे बांधून चव घ्यायला लावली तर हिकरी आणि पिकॅनच्या पेलेटमधला फरक सांगणारे फार थोडे निघतील, मग पाचव्या लाकडाचं काय घेऊन बसलात?

मिसळायचं ते बादलीत, हॉपरमध्ये नव्हे. हॉपरमध्ये थरावर थर ओतले की मधल्या कांड्या आधी खाली सरकतात, मध्ये खड्डा पडतो आणि कडेच्या तशाच राहतात. मिश्रणाचा हिशेब तिथेच चुकतो. दुसरं म्हणजे, नवी पेलेट ओतली तरी स्क्रूच्या नळीत जुनी भरलेली असते आणि आधी तीच जळते. मंद आचेवर ती संपायला बराच वेळ जातो. तेव्हा अन्न ठेवण्याच्या बऱ्यापैकी आधी नवी भरून ग्रिल चालू करा.

पैसे वाचवायची खरी जागा पुढे आहे. धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागावर चांगला बसतो. म्हणून मांस फ्रिजमधून काढून थेट ग्रिलवर ठेवा, कोमट होऊ देऊ नका. धुराचं बरंचसं काम पहिल्या तीन-चार तासांत होऊन जातं. ब्रिस्केटचं उदाहरण घ्या, म्हणजे बीफमधला छातीचा भाग. बारा-चौदा तासांचं काम असतं. आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की तो जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात आणि २०३ च्या जवळ नेतात. फॉइल लागली की आत धूर जात नाही. मग राहिलेले सहा-सात तास किमती मिश्रण कशाला जाळायचं? हॉपरमध्ये स्वस्त ओक ओता. मी तर सरळ घरातल्या ओव्हनमध्ये सरकवते. पेलेट ग्रिलचे कट्टर भक्त याला पाप म्हणतात, पण चव तीच येते.

बाकी मांस कापल्यावर कडेला जी गुलाबी रेघ दिसते, तिचं लोकांना फार कौतुक. ती रेघ म्हणजे धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या लाल द्रव्याशी झालेली प्रक्रिया. चवीशी तिचा संबंध नाही.

शाकाहारी श्रोत्यांनी रेडिओ बंद केला नसेल तर त्यांच्यासाठी. पनीर धूर चटकन ओढून घेतं, त्यामुळे हिकरी नको. सफरचंद किंवा चेरी, २२५ अंश, आणि अर्ध्या तासाने चाखून बघा. वांग्याची गोष्ट वेगळी. खानदेशातली भरिताची वांगी तुरीच्या नाहीतर कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. तिथे भडकत्या ज्वाळेने साल करपते आणि तो करपटपणाच भरिताचा जीव असतो. मंद पेलेट ग्रिलवर तसलं काही होत नाही, वांगं नुसतं शिजतं, आणि गुळगुळीत सालीतून धूरही आत शिरत नाही. तेव्हा वांग्याला चार उभ्या चिरा द्या, तेलाचा हात लावा, ओक-हिकरी निम्मी निम्मी घालून पाऊण तास धुरात ठेवा आणि मग गॅसच्या ज्योतीवर साल काळी करा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. जळगावकरांना हे मान्य होणार नाही, पण डॅलसमध्ये पऱ्हाट्या कुठून आणायच्या?

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. तुमच्याकडे बॉयलरसाठी भुश्श्याच्या, उसाच्या चिपाडाच्या पेलेट आणि कांड्या मिळतात. त्या अन्नाखाली जाळू नका. त्या भुश्श्यात प्लायवुडचा गोंद, रंग, पॉलिश काय काय असेल याची खात्री नसते. इथेही घर तापवायच्या पेलेट निम्म्या किमतीत दिसल्या तरी ग्रिलमध्ये घालायच्या नाहीत. त्यांत बहुधा पाइनसारखं राळेचं लाकूड असतं, त्याची काजळी अन्नावर बसते. हौसच असेल तर पेरूचं किंवा चिकूचं नीट वाळलेलं लाकूड घ्या, त्याच्या ढलप्या कोळशाच्या शेगडीत टाका. हवाईमध्ये पेरूच्या लाकडावर मांस धुरवतात आणि वास खरोखर छान येतो. कण्हेरीची काटकी मात्र चुकूनही नको, ती विषारी.

पिशवी उघडली की मूठभर कांड्या तळहातावर घ्या. पृष्ठभाग तुकतुकीत हवा आणि मोडताना कट् असा आवाज यायला हवा. वाकून चुरा झाली तर ओल शिरली आहे. तळाशी खूप भुगा असेल तर चाळणीतून काढा, नाहीतर तो स्क्रूत दाटून बसतो. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पिशवीत ठेवू नका. ह्यूस्टनसारख्या दमट गावी राहणाऱ्यांनी तर ग्रिल आठवडाभर वापरायचा नसेल तर हॉपर रिकामाच करावा. ओली कांडी फुगून परत भुसा होते, नळीत सिमेंटसारखी बसते आणि मग स्क्रू बाहेर काढून नळी खरवडण्यात अख्खा रविवार जातो. भिजलेल्या कांड्या वाळवून पुन्हा वापरता येत नाहीत. निव्वळ लाकडाच्या असतील, वर तेल-बिल लावलेलं नसेल, तर गुलाबाच्या आळ्यात पसरा.

नमस्कार.