धुराड्यातली काजळी

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी तिन्हीसांजेला कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझ्याकडे असे. रेशनचं रॉकेल चांगलं आलं असलं की काच चार-चार दिवस स्वच्छ राही. भेसळीचं आलं की दुसऱ्याच दिवशी काळीकुट्ट. पुढे मी जहाजावर इंजिनियर झालो, आणि तीन मजली उंच इंजिनापुढे उभा राहूनही हाच हिशेब करत राहिलो.

मोठी जहाजं वर्षानुवर्षं जे जड इंधन जाळत आली, ते म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला उरलेला गाळ. थंड असताना ते डांबरासारखं घट्ट असतं. इंजिनात सोडण्याआधी ते साधारण १३० ते १४० अंशांपर्यंत तापवावं लागतं. एकदा आमच्या हीटरला वाफ कमी पडली. तेल पातळ होईना, त्यामुळे फवारा बारीक होईना. मोठे थेंब पुरते जळले नाहीत आणि धुराडं काळं ओकू लागलं. सकाळी डेकच्या कठड्याला हात लावला, तर तळव्यावर तेलकट काळा थर. साबणानं दोनदा धुतला तरी नखांत राहिलाच.

१ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. फार चांगला नियम. हवेतला गंधकाचा विषारी वायू त्यानं खूप घटला. पण गंधक गेलं म्हणजे काजळीही गेली, असं होत नाही. काजळी ठरते ती तेलाच्या घडणीवरून. काही तेलांत कार्बनची कडी जास्त असतात. त्यांना अरोमॅटिक म्हणतात. ज्वाळेत ही कडी एकमेकांना चिकटतात आणि त्यातूनच काजळीचा कण धरतो. फिनलंड आणि जर्मनीनं २०२० च्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे मोजमाप ठेवलं: कमी गंधकाच्या काही नव्या मिश्र तेलांतून, जुन्या जड तेलापेक्षा १० ते ८५ टक्के जास्त काजळी निघाली!

स्वच्छ गाळलेलं मरीन गॅस ऑइल, म्हणजे जहाजांचं डिझेलसारखं हलकं तेल, जाळलं की काजळी बरीच कमी होते. एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, तर नावापुरतीच, पण त्यात हवा तापवणारा मिथेन वायू न जळता निसटतो, तेही दुखणंच.

काजळीचा सगळ्यात वाईट मार बसतो तो उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाला. पांढरा बर्फ ऊन परतवतो. त्यावर काळी भुकटी बसली की तोच बर्फ ऊन शोषतो आणि वितळतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड तेलावर २०११ मध्येच बंदी आली. आर्क्टिकमध्ये ती यायला १ जुलै २०२४ उजाडलं, आणि तिथेही टाक्यांना दुहेरी संरक्षण असलेल्या जहाजांना २०२९ पर्यंत सूट आहे. ही सूट मला पटत नाही. टाकी फुटली नाही म्हणून धूर थांबतो का?

बंदरात बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, भरून घेताना इंधनाची पावती हाती येते, सोबत नमुन्याची सीलबंद बाटली. पावतीवर गंधकाचा आकडा असतो, घनता असते. अरोमॅटिकचा रकाना नसतो. तो आता छापायलाच हवा.