माँटेग्यूचा विरोध आणि झायोनिझमचे बदलते शब्द

नमस्कार. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केल्या आहेत. १९१९चा कायदा, प्रांतांतली द्विदल राज्यपद्धती, परीक्षेत हमखास येणारी टीप. त्यातले एडविन माँटेग्यू, ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री, स्वतः ज्यू होते. आणि १९१७ साली ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ देण्याचा विषय लंडनमध्ये निघाला, तेव्हा सगळ्यात कडवा विरोध केला तो याच माणसानं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मी ज्यू धर्माचा इंग्रज आहे. तुम्ही उद्या पॅलेस्टाइन हे ज्यूंचं घर आहे असं जाहीर केलंत, की प्रत्येक देश आपल्याकडच्या ज्यूंना म्हणायला मोकळा होईल, जा आपल्या घरी. आणि तिथे आज जे मुसलमान आणि ख्रिश्चन राहतात, त्यांना बाजूला व्हावं लागेल.

आज ‘झायोनिझम’, म्हणजे ज्यूंना स्वतःचं घर मिळवून देण्याची चळवळ, हा शब्द कुणी अभिमानानं उच्चारतं, कुणी शिवीसारखा. दोघांच्याही बोलण्यात तो पहिल्यापासून एकच, ठरलेला विचार असतो. मला हे पटत नाही. या चळवळीनं नेमकं काय मागितलं, तो शब्दच वेळोवेळी बदलत गेला आहे. आज आपण तो शब्द धरून पुढे जाऊ.

सुरुवात रशियात होते. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातले एक डॉक्टर, लिऑन पिन्स्कर, तोवर मानत होते की शिक्षणानं, मिसळून राहिल्यानं ज्यूंना समाजात जागा मिळेल. ती आशा तुटली. १८८२मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यूंना स्वतःची भूमी हवी. ती पॅलेस्टाइनच असावी असा त्यांचा हट्ट नव्हता. सुरक्षित जागा हवी, एवढंच.

मग आले थिओडोर हर्झल. व्हिएन्नाचे पत्रकार, धर्मकर्मात फारसे न रमणारे. १८९६च्या त्यांच्या पुस्तिकेत पॅलेस्टाइन की अर्जेंटिना, असा प्रश्न सरळ विचारलेला आहे. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिलं झायोनिस्ट अधिवेशन भरलं. खरं तर ते म्युनिकला व्हायचं होतं, पण तिथल्या ज्यूंनीच विरोध केला. बाझलच्या ठरावात शब्द आला ‘घर’, जर्मनमध्ये ‘हाइमश्टेट’. ‘राज्य’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण पॅलेस्टाइन तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं. हर्झल यांनी स्वतःच्या डायरीत मात्र लिहून ठेवलं की बाझलला मी ज्यू राज्याचा पाया घातला आहे.

आता १९०३. एप्रिलमध्ये किशिनेव्ह शहरात ज्यूंची भीषण कत्तल झाली. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनियात, जागा देऊ केली. हीच ती ‘युगांडा योजना’. हर्झल म्हणाले, निदान तात्पुरता निवारा म्हणून तपासून तरी पाहू. अधिवेशनात २९५ विरुद्ध १७८ मतांनी पाहणीला होकार मिळाला. पण विरोध कुणाचा होता? रशियातून आलेल्या प्रतिनिधींचा! ज्यांच्या अंगावर दंगली येत होत्या, तेच उठून बाहेर गेले. जीव वाचवणारी दुसरी कुठलीही जमीन त्यांना नको होती. १९०५मध्ये योजना फेटाळली गेली. तोवर हर्झल वारले होते, अवघ्या ४४व्या वर्षी. मला या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा वळणाचा क्षण वाटतो. ‘सुरक्षित जागा’ मागणारी चळवळ इथून पुढे ‘हीच जागा’ मागू लागली.

आणि ती जागा रिकामी नव्हती. हे बाहेरच्यांनी नाही, चळवळीतल्याच माणसानं फार आधी सांगितलं होतं. आशेर गिन्सबर्ग, टोपणनाव अहाद हाआम. १८९१मध्ये पॅलेस्टाइन फिरून आल्यावर त्यांनी लिहिलं, आपण समजतो तशी ही भूमी ओसाड नाही, न पेरलेलं शेत सापडणं कठीण आहे, आणि तिथल्या अरबांशी आपल्या लोकांची वागणूक बरी नाही. त्यांना राज्यापेक्षा ज्यू भाषा-संस्कृतीचं केंद्र हवं होतं.

[पडद्यावर: बाल्फोर जाहीरनाम्याचं पत्र]

२ नोव्हेंबर १९१७. माँटेग्यू भारताच्या वाटेवर असताना बाल्फोर जाहीरनामा निघाला, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना घर देण्याला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा जाहीर करणारं पत्र. शब्द होता ‘राष्ट्रीय घर’. तेव्हा तिथे जवळपास ९० टक्के लोक अरब होते. जाहीरनाम्यात त्यांचं नावही नाही. ‘ज्यू नसलेले समाज’ असा उल्लेख आहे, आणि त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही एवढंच वचन. राजकीय हक्कांबद्दल अक्षर नाही. पुढच्या शंभर वर्षांचं भांडण त्या एका गाळलेल्या शब्दात बसलेलं आहे, असं माझं मत आहे.

यानंतर चळवळीला फाटे फुटले. डेव्हिड बेन-गुरियन यांचा कामगार पक्ष, किबुत्झ, सामुदायिक शेती. ज्यूंनी आपल्या हातांनी माती कसायची हा आदर्श होता, पण ‘कामावर ज्यूच हवेत’ या आग्रहानं अरब मजुरांचा रोजगारही गेला. दुसरीकडे झेव्ह जाबोटिन्स्की. १९२३मध्ये ते स्पष्ट म्हणाले, कुठलाही स्थानिक समाज आपली भूमी राजीखुशीनं सोडत नाही, म्हणून ताकदीची ‘लोखंडी भिंत’ उभारावी लागेल. तिसरीकडे हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस आणि तत्त्वज्ञ मार्टिन बूबर, ज्यांना ज्यू आणि अरब दोघांचं मिळून एकच राज्य हवं होतं. या तिन्ही बाजूंचे लोक स्वतःला झायोनिस्टच म्हणवत.

मग युरोपात हिटलर आला. मे १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलातल्या परिषदेनं ‘घर’ सोडून ‘ज्यू कॉमनवेल्थ’, म्हणजे राज्यच, उघडपणे मागितलं. साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर सहजीवनवाल्यांचं ऐकायला फारसं कुणी उरलं नाही. १४ मे १९४८ला इस्रायल जन्मला. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्याला ते ‘नकबा’ म्हणतात, महाआपत्ती.

राज्य मिळालं, आता झायोनिझम संपायला हवा होता ना? इथे शब्द परत बदलला. १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक) आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आलं. एकेकाळी बरेच कर्मठ रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, झायोनिझमला पाप मानत, कारण मसीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणहार, येण्याआधी परतणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. पण रब्बी कूक पितापुत्रांच्या शिकवणीत हे राज्य मुक्तीची पहाट ठरलं. त्यांच्या अनुयायांनी १९७४मध्ये ‘गुश एमुनिम’ ही संघटना स्थापन केली आणि ताब्यात आलेल्या भागात ज्यू वसाहती वसवायला घेतल्या. ‘राज्य’ मागे पडलं, ‘पवित्र भूमी’ पुढे आली. भूमीवर तडजोड करता येते, पवित्र भूमीवर नाही.

आपल्या जवळची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोकणातून इस्रायलला गेलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की इतर ज्यूंशी त्यांचं लग्न लावण्याआधी पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तपासावी. सर्व ज्यूंसाठी म्हणून बांधलेल्या घराच्या दारात यांच्याकडे पुरावा मागितला गेला! आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेनं, क्नेसेटनं, ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत.

भारताचीही भूमिका फिरली. १९७५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी झायोनिझमला वंशवाद ठरवलं, भारतानं बाजूनं मत दिलं. १९९१मध्ये तो ठराव रद्द करताना मात्र भारताचं मत रद्द करण्याच्या बाजूनं होतं.

आणि २०१८. इस्रायलच्या १९४८च्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग न पाहता सर्व रहिवाशांना समान हक्कांचं वचन आहे. जुलै २०१८मध्ये ६२ विरुद्ध ५५ मतांनी झालेल्या राष्ट्र-राज्य कायद्यात समानता हा शब्द नाही. या राज्यात स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा, असं त्यात लिहिलं आहे. अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जा गेला. साधारण पाचवा हिस्सा नागरिक अरब असलेल्या देशात!

पुढच्याच महिन्यात तेल अविवच्या राबिन चौकात हजारो माणसं जमली. पुढाकार ड्रूझ समाजाचा होता. हे अरबीभाषक लोक, ज्यांची मुलं इस्रायली सैन्यात सक्तीची सेवा करतात, सीमेवर मरतात. त्यांच्या हातात आपला पाचरंगी झेंडा होता, आणि त्याच्या शेजारी निळा-पांढरा इस्रायलचाही.