गुणपत्रिका बदलते तेव्हा

[दृश्य : रात्रीचं फुटबॉल स्टेडियम, उंचावरून. मैदानभर पसरलेले वादक.]

ऑगस्ट १९९३. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआयच्या अंतिम फेरीचा निकाल जाहीर होतो. बर्गन काउंटीचे कॅडेट्स ९७.४, स्टार ऑफ इंडियाना ९७.३. एका दशांशाने अजिंक्यपद हुकलं. तरी तो हंगाम आजही आठवला जातो तो दुसऱ्याच कारणासाठी: स्टारच्या कार्यक्रमावर काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. वाजवणारी सगळी पोरं बाविशीच्या आतली.

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फेकून झेलणारा कलर गार्ड. वरच्या गटातल्या संघात आज १६५ पर्यंत मुलं असतात. उन्हाळाभर बसमधून फिरत साधारण बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम गावोगावी सादर करायचा. ढोल-ताशा पथकाच्या ओळखीने इकडे पाहणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की इथे वादक वाजवता वाजवता पळतो, आणि त्या पळण्यालाही गुण असतात.

[दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. सरळ रांगा, ताठ माना, झेंडावंदन.]

या खेळाचा उगम सैनिकी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांच्या अमेरिकन लीजनसारख्या संघटनांनी या स्पर्धा वाढवल्या. संघ मैदानाच्या डाव्या टोकाकडून यायचा, मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना, मग जागेवर उभं राहून एक तुकडा, ज्याला ‘कॉन्सर्ट’ म्हणत, आणि उजवीकडून बाहेर. गुण देण्याची रीतही कवायतीतलीच. तिचं नाव टिक. परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांमध्ये फिरायचे. पाऊल चुकलं, टिक. स्नेअर या काठ्यांनी वाजवायच्या ड्रमवर एक काठी मागे पडली, टिक. प्रत्येक टिकमागे एक दशांश गुण वजा.

याचा परिणाम काय झाला असेल, ते सहज कळेल. रचनाकार जोखीमच घेईनात. मैदानाच्या मधोमध असलेल्या पन्नास यार्डाच्या रेषेवर आरसा धरावा तशा आकृत्या: डावी बाजू जे करते तेच उजवी बाजू. अर्धं मैदान लिहिलं की काम संपलं, आणि रांग सरळ आहे की नाही हे पोरांनाही नुसत्या नजरेने कळायचं. १९७१च्या अखेरीस काही संघांच्या संचालकांनी जुन्या संघटनांपासून फारकत घेऊन डीसीआय काढली आणि १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. टिक पद्धत मात्र सोबत आलीच.

[दृश्य : १९८३. वळणारी, ताणली जाणारी, तुटून पुन्हा जुळणारी आकृती.]

आरसा फोडला तो जॉर्ज झिंगाली यांनी. गारफील्ड कॅडेट्ससाठी (हेच पुढे बर्गन काउंटीचे कॅडेट्स झाले) त्यांनी १९८३मध्ये लिहिलेल्या संचलनात डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ नव्हता. सगळी आकृती वाहत राहायची, एका आकारातून दुसरा निघायचा. अशा रचनेत शेजाऱ्याकडे बघून चालत नाही. प्रत्येकाला स्वतःची जागा पाठ हवी: कोणत्या यार्ड-रेषेपासून किती पावलं आत, पुढच्या कडेपासून किती पावलं मागे. नेहमीचं पाऊल म्हणजे पाच यार्डांत आठ, सुमारे ५७ सेंटिमीटरचं. वळणावर आतल्याचं पाऊल आखूड, बाहेरच्याचं लांब, आणि तोंडाला लावलेला बिगुल हलता कामा नये. कॅडेट्सनी सलग तीन वर्षं, १९८३ ते १९८५, अजिंक्यपद नेलं. १९८४पासून टिक पद्धत गेली, आणि चुकीला वजा करण्याऐवजी अवघडपणा आणि नेमकेपणा एकत्र तोलून गुण द्यायला सुरुवात झाली.

आमच्या मते या खेळातला सगळ्यात मोठा बदल हाच. पुढचे बहुतेक वाद याच्याच पोटातून निघाले. चूक झाली की गुण जाणार, तर संघ सोपं आणि स्वच्छ करतो. अवघडाला गुण मिळणार, तर तो अवघड करतो, आणि प्रेक्षकाला ते कळतंय की नाही हा प्रश्न मागे पडतो.

[दृश्य : १९९३, स्टार ऑफ इंडियाना.]

स्टारचं १९९३ नेमकं इथे अडलं. संगीत बार्टोक आणि बार्बर या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं, विषय मेडिया, म्हणजे ग्रीक शोकांतिकेतली सूडाने पेटलेली आई. चाहत्यांना सवय होती ओळखीच्या चालीची, चढत्या सुराची, आणि मग कंपनी फ्रंटची, म्हणजे सगळा संघ एका सरळ रेषेत प्रेक्षकांवर चालून येतो, शेवटचा सूर फुटतो आणि स्टेडियम उठून उभं राहतं. स्टारने टाळीसाठी जागाच ठेवली नव्हती. लांबलचक हळुवार भाग, तुटक आघात आणि वाद्य हातात असताना नर्तकासारखं वापरलेलं शरीर. त्या हंगामानंतर संघ स्पर्धेतून बाहेर पडला आणि रंगमंचाकडे वळला. त्यातूनच ‘ब्लास्ट!’ हा प्रयोग उभा राहिला, १९९९मध्ये लंडनला सुरू झाला आणि २००१मध्ये ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार घेऊन गेला. आज तोच १९९३चा कार्यक्रम अभिजात म्हणून दाखवला जातो. हुर्यो उडवणारे नेमके कोण होते, हे आता कुणी सांगत नाही!

[दृश्य : जुना जी पट्टीचा बिगुल, शेजारी आजचा बी फ्लॅट ट्रम्पेट.]

वाद्यांवरचा वाद आणखी कडवट. मूळ बिगुल जी पट्टीतले. झडपा आधी एक, मग दोन, आणि १९९०पासून तीन. आवाज टोकदार, छाती भेदणारा, पण सुरात ठेवायला हट्टी. २०००च्या हंगामापासून कोणत्याही पट्टीच्या वाद्यांना परवानगी मिळाली आणि संघ पटापट बी फ्लॅट ट्रम्पेटकडे वळले. यात कलेइतकाच हिशेबही होता. मुलं शाळेच्या बँडमध्ये हेच वाद्य वाजवत आलेली, आणि वापरलेली वाद्यं हंगामानंतर शाळांना विकता येतात. जी बिगुल शाळेच्या काय कामाचा? जुन्या चाहत्यांना इकडे चेष्टेत डायनासोर म्हणतात. त्यांच्या मते तो भेदक आवाज त्या वर्षी मेला. ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं वाटत नाही, पण सूर आज जास्त जुळतात हेही तितकंच ऐकू येतं.

[दृश्य : मैदानापुढचा पिट, म्हणजे जागेवर उभं राहून वाजवायच्या तालवाद्यांची जागा. लाकडी पट्ट्यांची मरिंबा, मायक्रोफोन, तारांची जाळी.]

२००४मध्ये ध्वनिवर्धनाला मुभा मिळाली, २००९मध्ये सिंथेसायझरला. विरोधकांना हा भ्रष्टाचार वाटला. पिटमधल्या वादकांना विचाराल तर उत्तर वेगळं. मोठ्या स्टेडियममध्ये मरिंबा ऐकू जावी म्हणून ते कडक मॅलेटने, म्हणजे टोकाला गोळा असलेल्या काठीने, हात भरून येईपर्यंत ठोकत. लाकडाचा गोड नाद जाऊन नुसती खटखट उरायची. मायक्रोफोन आल्यावर धागा गुंडाळलेले मऊ मॅलेट आले, दोन हातांत चार धरून वाजवण्याचं बारीक काम ऐकू येऊ लागलं.

पण यंत्राबरोबर यंत्राच्या चुकाही आल्या. मैदान पुढून मागे जवळपास ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढे यायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत ही जवळजवळ अर्धी मात्रा झाली. म्हणून जुना नियम: पुढच्यांनी मागे ऐकायचं. मागच्या स्नेअरचा ठोका कानावर पडेल तेव्हा पिट वाजवतो, आणि संघाला हाताने ताल दाखवणारा ड्रम मेजर आपला हात मधल्या स्नेअरवाल्याच्या पायावर धरतो. आता मागच्या कडेला उभ्या एकल वादकाला बिनतारी मायक्रोफोन लावा. त्याचा सूर तारेतून तत्क्षणी पुढच्या स्पीकरवर येतो आणि संघाच्या अर्धी मात्रा आधी वाजतो. उपाय दोनच: ध्वनियंत्रकाने तेवढा विलंब घालायचा, किंवा वादकाला पुढे आणायचं. तो चालत असेल तर विलंबही सतत बदलावा लागतो, म्हणून रचनाकार बहुतेकदा त्याला पुढेच उभा करतात.

सिंथेसायझरच्या खर्जाचं दुखणं आणखी वेगळं. इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, जिथे २००९पासून अंतिम फेरी भरते, छताखाली हा खर्ज घुमत राहतो आणि ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्यांचा सूर त्यात बुडतो. चाहते याला ‘गू’ म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट लगदा. मराठी कानांना जे ऐकू येतं, तेही तक्रारीला शोभून दिसतं. आमचं मत इथे चाहत्यांच्या बाजूचं आहे. याच साधनाने २०१४मध्ये ओहायोच्या ब्लूकोट्सनी ‘टिल्ट’मध्ये सगळ्या संघाचा सूर जणू घसरतोय असा परिणाम साधला, तेव्हा मात्र विरोधकही उभे राहिले.

[दृश्य : २०१६. उतरत्या फळ्या, घसरणारे वादक, डोक्यावर टोपी नाही.]

‘डाउन साइड अप’मध्ये ब्लूकोट्सनी उंच तुऱ्याच्या टोप्या उतरवल्या, उतारांवरून घसरत वाजवलं आणि पहिलं अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर बहुतेकांचे गणवेश गेले, दरवर्षी नवे, ताणले जाणारे कपडे आले. टोपी घालून जमिनीवर लोळता येत नाही, आणि शरीराच्या हालचालीला गुण आहेत. १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाचे, ३० दृश्याचे, ३० संगीताचे. मंच, जिने, पडदे आले, तसा ते मैदानात ढकलण्याचा आणि वाऱ्यात सांभाळण्याचा व्यापही आला. मंचावर चढलेला वादक चालत नाही, म्हणून ‘नुसतं थांबून वाजवतात’ ही आजची सगळ्यात मोठी तक्रार. पन्नास वर्षांपूर्वीच्या ‘कॉन्सर्ट’मध्येही थांबूनच वाजवायचे, आणि पुढे तेच जुनाट ठरवून टाकून दिलं होतं, हे तक्रार करणारे सहसा विसरतात.

क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना मैदानात अजूनही मनाई आहे. सॅक्सोफोन पितळेचाच, पण वाजतो पातीवर, म्हणजे रीडवर, म्हणून तोही बाहेर. नियमांवर मतदान करतात ते संघांचे संचालक. तिकीट काढून येणाऱ्यांना मत नाही.