वयोमानाप्रमाणे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘अतिवृद्धापकाळातील चिवटपणा’ असा छापलेला पाहून आमच्या सूनबाई म्हणाल्या, ‘तो आम्ही घरी रोज पाहतो, त्याला व्याख्यान कशाला?’ मी ८१ वर्षांचा आहे. जन्मभर संख्याशास्त्र शिकवल्यामुळे ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द ऐकला की माझे पित्त खवळते. गुडघा दुखतो, वयोमानाप्रमाणे. झोप येत नाही, वयोमानाप्रमाणे. माझी आत्या ९२व्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचा खुबा मोडला, तेव्हाही एका तरुण डॉक्टरांनी ‘आता वयोमानाप्रमाणे होईल तेवढे’ असे म्हणून मान हलवली.

मुळात हे वयोमान ठरवायचे कशावरून? आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. सभागृहात १ जूनला जन्मलेल्यांनी कृपया हात वर करावेत. पाहिलेत? साऱ्या आयांनी एवढे संगनमत केले असेल असे मला वाटत नाही. ही गुरुजींनी केलेली बाळंतपणे आहेत. हा घोळ आपल्यापुरताच आहे असेही नाही. २०१० साली जपानमध्ये कुटुंबनोंदी तपासल्या, तेव्हा कागदोपत्री शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक व्यक्तींचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यामुळे शतायुषींच्या आहाराचे गुपित सांगायला कोणी आले, की मी आधी जन्माचा दाखला मागतो.

महर्षी कर्व्यांची गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, आजही सांगणार. १८७५ साली सतरा वर्षांचे धोंडो केशव मुरुडहून पायी निघाले, सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल तुडवीत सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला पोहोचले, आणि तेथे समितीने त्यांच्याकडे एकवार पाहून ‘हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही’ असे ठरवून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आले तसे परत जाणे भाग पडले. चेहऱ्यावरून वय ठरवणाऱ्या त्या मंडळींना पुढचा हिशेब कळायला हवा होता! महिला विद्यापीठ काढले तेव्हा कर्वे ५८ वर्षांचे होते; ७१व्या वर्षी ते परदेश दौऱ्यावर निघाले, ७८व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली, ८६व्या वर्षी समता संघ स्थापला, शंभरीत भारतरत्न स्वीकारले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन ते गेले. यांतले वयोमानाप्रमाणे काय झाले?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि मुख्य मुद्दा अजून पोतडीतच आहे, म्हणून आता घाई करतो.

तरुणपणी शरीराजवळ गंगाजळी असते; म्हणूनच एक मूत्रपिंड दान करूनही माणूस नीट जगतो. वयाबरोबर ती आटते. पंचविशीत दोन दिवसांत उतरणारा ताप नव्वदीत महिनाभर अंथरुणाला खिळवतो, अंथरुणात स्नायू झडतात आणि स्नायू झडले की माणूस पुन्हा पडतो. म्हणून अतिवृद्धाच्या आजारांची यादी करण्यापेक्षा, धक्का बसल्यावर पूर्ववत व्हायला त्याला किती दिवस लागले ते मोजावे, तोच त्याचा चिवटपणा, असे माझे म्हणणे आहे. गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ साली मांडलेल्या नियमानुसार प्रौढपणी मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. मात्र इटलीतील १०५ वर्षांवरील व्यक्तींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही चढण थांबलेली दिसली; तेथून पुढे दर वर्षी जगणे-मरणे म्हणजे जणू नाणेफेक. या निष्कर्षावर वाद आहे, पण त्यात शिरायला आज वेळ नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ बाईंच्या मांडीचे हाड ११५व्या वाढदिवसाच्या तोंडावर मोडले. त्यानंतर त्या सात वर्षांहून अधिक जगल्या.

आमच्या आत्याने शस्त्रक्रियेनंतर कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. नवव्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, एकतिसाव्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेली आणि चौसष्टाव्या दिवशी तुळशीला स्वतः पाणी घातले. ते कॅलेंडर घेऊन मी त्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी ते नीट पाहिले आणि विचारले, ‘यांची जन्मतारीख बरोबर आहे ना?’