न येणारी खाज

डास चावला की हात आपोआप तिथे जातो. गोचीड मात्र कातडीत तोंड खुपसून दिवसचे दिवस बसतो, पूर्ण वाढलेली मादी तर आठवडाभरसुद्धा, आणि कित्येकदा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे खाज का सुटत नाही, एवढंच आज मला सांगायचं आहे.

गोचिडाचं तोंड भिंगाखाली पाहा. कातडी कापणारी दोन पाती आणि त्यांच्यालगत मागे वळलेल्या दात्यांची सोंड. एवढी जखम झाल्यावर खरं तर तिथे धावपळ उडायला हवी. कातडीतल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशी हिस्टामाइन हे खाजेचा निरोप नेणारं रसायन सोडतात, जागा लाल होते, खाजते, पांढऱ्या पेशी गोळा होतात, रक्त गोठू लागतं. यातलं काहीच गोचिडाला परवडत नाही. म्हणून तो थोडं रक्त ओढतो, थोडी लाळ सोडतो, पुन्हा ओढतो. रक्तातलं जास्तीचं पाणीसुद्धा तो लाळेवाटेच परत करतो.

या लाळेतलं एक प्रथिन मला फार विलक्षण वाटतं. आफ्रिकेत गुरांच्या कानांना चिकटणाऱ्या एका तपकिरी गोचिडात ते सापडलं. पिंपासारखा आकार आणि आत दोन खोबणी. हिस्टामाइनचा रेणू पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच त्या खोबणीत अडकतो. निरोप वाटेतच गडप झाला, तर खाज सुटणार कशी? इव्हेसिन नावाची प्रथिनं याच पद्धतीने पांढऱ्या पेशींना बोलावणारे रेणू पकडतात. रक्तातल्या काँप्लिमेंट यंत्रणेला, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या प्रथिनांच्या फौजेला, रोखणारी प्रथिनंही असतात, ती वेगळीच.

या शांततेचा फायदा जंतूही उठवतात. लाळेतलं साल्प-१५ हे प्रथिन टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, थोपवतं. गोचिडातून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जीवाणू तेच अंगावर पांघरून आत शिरतो, मग प्रतिपिंडांना तो सहजी सापडत नाही.

पण शरीर कायम फसत नाही. १९३९ साली विल्यम ट्रेगर यांनी गिनीपिगांवर गोचिडाच्या अळ्या सोडल्या. त्याच प्राण्यांवर पुन्हा सोडलेल्या अळ्यांचं पोट काही धड भरेना. प्राण्यांच्या शरीराने लाळ ओळखायला सुरुवात केली होती.

हाच धागा धरून येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली लाळेतल्या १९ प्रथिनांवर बेतलेली एमआरएनए लस, म्हणजे ती प्रथिनं बनवण्याची कृतीच शरीराला देणारी लस, गिनीपिगांना दिली. रोख जंतूवर नव्हता, लाळेवर होता. गोचीड चावताच कातडी लाल झाली. लाली दिसताच गोचीड काढले, तेव्हा लाइमची लागण झाली नाही, कारण त्या जीवाणूला आत उतरायला बहुधा दिवसाहून अधिक वेळ लागतो.

उंदरांवर मात्र हा परिणाम दिसला नाही. माणसाची कातडी यातल्या कोणासारखी वागेल, हाच माझ्या दृष्टीने आता खरा प्रश्न आहे.