एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन

नमस्कार मंडळी. आज रेकॉर्ड नंतर, आधी टाळ्या. हातातलं लाटणं, भाजी, काय असेल ते जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर म्हणा, एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. परत म्हणा. प्रत्येक ‘एक’वर टाळी. तीन टाळ्या पटापट येतात आणि चौथीनंतर किंचित जास्त थांबायला होतं, बरोबर? मोजा, नऊ झाले. हे नऊ लक्षात ठेवा, आज सगळं या नऊवरच आहे.

रेकॉर्ड आहे डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटची, म्हणजे अमेरिकेतल्या चौघा जॅझवाल्यांची, ‘टाइम आउट’, १९५९ सालची. पियानोवर स्वतः ब्रूबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर यूजीन राइट, ड्रम्सवर जो मोरेलो. नावं मुद्दाम घेतोय. हल्ली मोबाइलवर गाणं लावलं की एका माणसाचा फोटो दिसतो आणि संपलं, बास कोणी वाजवलाय ते शोधत बसा, पूर्वी कव्हर उलटं केलं की सगळी मंडळी भेटायची. वादकाचं नाव दिसलंच पाहिजे, माझं हे ठाम मत आहे, आपल्या सिनेसंगीतातही किती गोवेकर ट्रम्पेटवाले, व्हायोलिनवाले बिननावाचे राहिले, चिक चॉकलेटसारखं एखादंच नाव लोकांना माहीत. असो.

तर १९५८. अमेरिकन सरकारनं या चौघांना दौऱ्यावर पाठवलं होतं, पोलंड, तुर्कस्तान, भारत, लंका, इराण, इराक असा लांबलचक दौरा. इस्तंबूलमध्ये एक दिवस ब्रूबेक चालत रेडिओ स्टेशनवर निघाले होते, तिथल्या वादकांना भेटायला. रेडिओ स्टेशनवर हं, मीही रेडिओवालाच, म्हणून मला ही गोष्ट जास्तच आवडते! वाटेत रस्त्यावर काहीजण वाजवत होते आणि ताल काहीतरी वेगळाच. त्या काळचं बहुतेक जॅझ चाराच्या हिशोबात चालायचं आणि इथे हे नऊ. बरं नऊ म्हटले तरी तीन-तीन-तीन असे सरळ नाहीत, एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. तेच डोक्यात घोळवत ब्रूबेक स्टेशनवर पोचले आणि तिथल्या वादकांना विचारलं की बाबांनो हे काय आहे, असं असं ऐकलं मी, आणि ताल वाजवून दाखवला. झालं, कोणी समजावून सांगत बसलंच नाही, तिथले वादक त्या तालावर सरळ वाजवायलाच लागले, सुचेल तसं, अगदी घरचं असल्यासारखं. त्यांनी ब्रूबेकना सांगितलं की तुम्हाला जसा ब्लूज, तसा आम्हाला हा ताल. आता जॅझवाल्यासाठी ब्लूज म्हणजे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, पाळण्यापासून कानात असलेली गोष्ट, आपल्याकडे ओवी असावी तशी. त्यातूनच पुढच्या वर्षी ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ आलं. नावात ‘ब्लू’ आहे आणि तुर्कही आहेत, बघा. सुरुवातीला पियानो तेच नऊ धडाधड मांडतो, तीनदा आपलं एक-दोनवालं आणि चौथ्या वेळी तीन-तीन-तीन, आणि मग मध्येच दार उघडल्यासारखा साधा चाराचा ब्लूज सुरू होतो आणि डेझमंड येतो. त्या जागेवर मला दरवेळी हसू फुटतं, आनंदानं.

त्याच दौऱ्यात ब्रूबेक मुंबईलाही आले होते, सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवलं त्यांनी.

रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना ‘टाइम आउट’बद्दल शंकाच होती, ओळखीची गाणी नाहीत, नाचता येईल असा ताल नाही, कव्हरवर फोटोऐवजी चित्र. पुढे ती दहा लाखांवर खपली! त्यातलं ‘टेक फाइव्ह’ तुम्ही नक्की ऐकलंय, हॉटेलात, जाहिरातीत. डेझमंडची रचना आहे ती, पाच मात्रांची. आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन येतं, इथे तीन-दोन, तीन-दोन. जेवताना मागे बारीक आवाजात लावायचं गाणं नाहीये ते, मोरेलोचा सोलो बसून ऐका, पाच सोडत नाही तो माणूस. आणि डेझमंडनं मृत्युपत्रात या रचनेची रॉयल्टी रेड क्रॉसच्या नावे करून ठेवली.

राइटबद्दलही सांगायलाच हवं. चौघांत कृष्णवर्णीय ते एकटे. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी ब्रूबेकना सांगितलं, बासवाला गोरा आणा. कार्यक्रम सोडले ब्रूबेकनी, राइटना नाही सोडलं. आज ऐकताना बास वेगळा काढून ऐका, सगळे उड्या मारत असतात तेव्हा खाली तो किती शांत उभा आहे ते कळेल.

चला, लावतोय. पहिल्या बाजूचं पहिलंच, ‘ब्लू रोंडो’. आवाज थोडा वाढवा, टाळ्या तयार ठेवा. एक-दोन, एक-दोन, एक-दोन...